कोरी झोळी

पट्टा शिवून झाला, दोरा दातानं तोडून झाला, तरी पोरं उठायचं नाव घेईनात. अक्कलकोट रोडच्या आतल्या गल्लीत प्रभुलिंग अण्णांचं शिलाईचं दुकान. अंधार पडून बराच वेळ झालेला, शटर अर्ध्यावर ओढलेलं. कॉलेजची चार पोरं उद्या हॅमॉक घेऊन रानात मुक्कामाला निघाली होती. एकीचा पट्टा उसवला होता, एवढंच काम.

"अण्णा, हे दोन झाडांच्या मधी टांगायचं आन् झोपायचं," युवराज समजावत होता. "तंबूचं ओझं न्हाय, पाठीला दगडं टोचत न्हाईत."

"मला शिकवतो व्हय रे?" अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "ह्या गल्लीत पहिली असली झोळी शेजारच्या मृत्युंजयनं शिवली. ह्याच मशीनवर."

"मग आता का शिवत नाही तो?" उत्कर्षानं विचारलं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी पोर ती, पण विचारलं तिनंच.

अण्णांनी मशीनवर झाकण घातलं.

"ऐकायचं असंल तर मधी कुणी उठायचं न्हाय."

कुणी उठलं नाही. मग अण्णांनी सांगितलं ते असं.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरातली गोष्ट. येळवस सोमवारी आली होती. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, त्या दिवशी आपल्याकडं अख्खं घर रानात जातं, कडब्याची कोप करून पूजा होते, आंबील आणि भज्जी खाऊन माणसं बांधावरच लवंडतात. त्या येळवसची आदली रात्र, रविवारची.

मृत्युंजयनं नवी हॅमॉक शिवली होती. पॅराशूटच्या कापडाची, नुसती गुंडाळली की मोठ्या पेरूएवढी. वरून मच्छरदाणी, चेन ओढली की डाससुद्धा आत येत नाही. थंडीत अशा झुल्यात पाठ गारठते, म्हणून त्यानं खालच्या अंगाला सोलापुरी चादर शिवली होती. ही अक्कल त्याची स्वतःची. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी एक रात्र आपण झोपून बघायचं, असा त्याचा नेम. त्याचा मित्र बसवेश. त्याचं रान वळसंगच्या अलीकडं. येळवसचं जेवण तिथंच होतं, तर आदल्या रात्रीच जाऊन झोपावं, असं ठरलं.

घरात काळजी एकच होती. बायको श्रीदेवी, तिला आठवा लागला होता. आदल्या साली असंच पोटातलं एक हालायचं थांबलं आणि गेलं. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला बजावून सांगितलं होतं, बाळाच्या लाथांवर लक्ष ठेवा. मृत्युंजय उठता बसता विचारायचा, "हालतंय का?" ती म्हणायची, "अहो, तुमच्यावरच गेलंय. एका जागी ठरत न्हाय."

तो निघाला तशी त्याची आई मायाक्का आतून वरवंटा घेऊन आली. फडक्यात गुंडाळलेला, तान्ह्या पोराला गुंडाळतात तसा.

"हे काय अव्वा?"

"झोळी कोरी हाय की तुजी. कोऱ्या झोळीत आधी माणूस झोपत न्हाय. बारशाला पाळण्यात पहिल्यांदा काय निजवत्यात? वरवंटा. थोडा वेळ ह्याला निजव, मग तू झोप."

"अगं ही झोळी न्हाय, हॅमॉक हाय."

"दोन टोकं बांधून मधी माणूस निजवला की झोळीच ती. आन् रातीचं उठलास तर मोकळी सोडू नको तिला. ह्यो दगड ठेव."

आता हे पाठीवर घर घेऊन हिंडणारे लोक कसे असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. टूथब्रशची दांडी कापून अर्धी करतात. शर्टामागची चिठ्ठी उसवतात, तेवढंच वजन कमी. मृत्युंजय तर वस्तू तळहातावर घेऊन वजन सांगायचा, आणि काट्यावर ठेवली की तेवढंच निघायचं. असला माणूस सॅकमध्ये दगड घालून नेईल? आई आत वळली तसा त्यानं वरवंटा काढला आणि दारातल्या पाण्याच्या ड्रममागं ठेवला. श्रीदेवीनं बघितलं. पोटावर हात ठेवून हसली.

"सांगत न्हाय अव्वाला. जावा."

रानात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. बांधावर दोन लिंब होते, हॅमॉकला पाहिजे तेवढ्याच अंतरावर. मृत्युंजय खूश. पट्टा गुंडाळताना त्याच्या हाताला लागलं की दोन्ही बुंध्यांवर, कमरेएवढ्या उंचीला, साल झिजून गुळगुळीत खाच पडली आहे.

"हे रे काय बसवेश?"

"झोळ्यांच्या दोरीचं. आज्जीच्या टायमापासनं खुरपायला बाया येत्यात. लेकरू झोळीत टाकायचं आन् वाफ्यात उतरायचं. पायाला दोरी बांधून घ्यायच्या. काम करता करता पाय हालवला की झोका."

"भारी की."

"व्हय. एक बाई हुती. दोरी पायालाच हुती म्हणत्यात, झोका देत हुती. वर येऊन बघती तर झोळीत..." बसवेश थांबला. "जाऊ दे. उद्या येळवस हाय. असलं बोलू न्हाय."

जेवून बसवेश पंपाच्या खोलीपुढं बाजेवर आडवा झाला. मृत्युंजय हॅमॉकमध्ये शिरला, चेन लावली. चादरीची ऊब छान लागत होती. घरी फोन केला. हालतंय, झोपा तुम्ही, म्हणाली श्रीदेवी.

तो झोपला.

जाग आली ती झोक्यानं.

हॅमॉक हलत होती. आता हलतेच ती, कूस बदलली की हलते. पण त्यानं कूस बदलली नव्हती. वाराही नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. एक झोका. मग जरा थांबून दुसरा. मग परत थांबणं. कुणीतरी दुसरंच काम करत होतं आणि मधूनच आठवण झाल्यासारखा झोका देत होतं.

त्याला वाटलं बसवेश.

"बस की रे, बशा. झोपू दे."

बाजेवरून बसवेशचं घोरणं आलं. लांबून.

झोका थांबला.

मग छातीवर काहीतरी आलं. पडलं नाही, उडी मारली नाही. ठेवल्यासारखं आलं. हळू. मांजर असेल म्हणून त्यानं चेनकडं बघितलं. चेन लागलेली होती. वरपासून खालपर्यंत.

डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण वजन होतं. वजनाच्या बाबतीत मृत्युंजयची चूक होत नसे. छातीवर दोन किलोच्या आतलंच काहीतरी होतं. उबदार. मधूनच आकसणारं. त्याचा हात आपोआप वर आला आणि त्याच्याखाली गेला. तळव्यात काहीतरी गोल बसलं. डोकं बसतं तसं...

(इथं अण्णा थांबले. उत्कर्षानं युवराजच्या बाहीला धरलं होतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "मग?")

मग फोन वाजला. दोन वाजून गेले होते. श्रीदेवी.

"अहो..."

"काय गं?"

"हालत न्हाय हो. मघापासनं. साखरपाणी घेतलं, कूस बदलली. काय सुदिक न्हाय. पोट हलकं लागतंय. लई हलकं."

तळव्यातलं ते गोल किंचित वळलं.

फोन अव्वानं घेतला. "रिक्षा बोलावलीय. दवाखान्यात न्हेतो. तू ये." आणि मग विचारलं, "मृत्युंजय. वरवंटा निजवला व्हतास न्हवं?"

त्याला दारातला पाण्याचा ड्रम आठवला.

"कुटं हायस तू आत्ता? झोळीत?"

"व्हय."

"एकटाच हायस?"

"...न्हाय, अव्वा."

मग अव्वा बोलली, अगदी साध्या आवाजात, दूध उतू जातंय ते बघ म्हणावं तसं. "झोळी मोकळी करू नको. जशी हाय तशी घेऊन ये. मागं बघू नको."

त्यानं आतून चेन उघडली. एक हात त्या वजनाखाली, दुसऱ्यानं कापड गोळा करत, पाय बाहेर काढले. बसवेशला हाक मारली. बसवेश डोळे चोळत आला.

"दोन्हीकडचे हुक सोड."

"का रे? काय झालं?"

"सोड म्हणतो ना!"

हुक सुटले. कापडाचं गाठोडं मृत्युंजयच्या हातात आलं. बसवेशनं बॅटरी मारली तर गाठोडं खालून गोल तटतटलेलं. आत काहीच नाही. बसवेशनं बॅटरी विझवली. गाडीकडं पळाला.

मोटरसायकल बांधावरून निघाली. मागं मृत्युंजय, मांडीवर ते. हॅमॉकच्या एका टोकाची दोरी गोळा करायची राहिली होती. ती मागं लोंबत असेल, चाकात जाईल, म्हणून त्यानं तिला हात घातला.

दोरी लोंबत नव्हती.

ताठ होती. मागच्या अंधारात सरळ गेलेली. तिला ओढ होती. हिसका नव्हता, बरं का. हळू ओढ. जराशी. मग सैल. परत जराशी.

झोका देत होतं कुणीतरी.

"बशा... जोरात घे."

"जोरातच हाय."

वेग वाढला तरी ओढ तेवढीच. मृत्युंजयनं गाठोडं पोटाशी धरलं. मान पुढं. डोळे बसवेशच्या पाठीवर. दात एकमेकांवर. मागून हुंदका आल्यासारखा वाटला, नाहीतर वारा असेल. तो बोलला तेवढं एकच, तेही तोंडातल्या तोंडात. "माजं हाय. बाई, हे माजं हाय."

वळसंगची शीव मागं पडली. दोरी एकदा ताणली गेली.

मग सुटली.

गल्लीत रिक्षा उभी होती, इंजिन चालू. मी दारात उभा होतो. हो, मीच. आरडाओरडा ऐकून उठलो होतो. श्रीदेवीला नुकतंच आत बसवलं होतं. तोंड पांढरं, दोन्ही हात पोटावर. मृत्युंजय गाडी थांबायच्या आधीच उतरला. अव्वानं सगळ्यांना हातानंच मागं सारलं. त्यानं ते गाठोडं श्रीदेवीच्या मांडीवर ठेवलं, असं अलगद, की मला वाटलं आत काचेचं काहीतरी आहे.

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. का केलं ते त्यालाच ठाऊक.

गाठोडं माझ्या डोळ्यांदेखत खाली बसलं. फुगा बसतो तसं नाही. कुणीतरी उठून गेल्यावर गादी हळूहळू वर येते ना, त्याच्या उलटं. शेवटी नुसतं कापड उरलं, चादरीसकट.

श्रीदेवीनं श्वास ओढला.

"अहो... लाथ मारली."

आणि ती रडायला लागली. मृत्युंजय रस्त्यावरच खाली बसला. दवाखान्यात नेलं, ठोके बघितले. घोडा पळतोय असे ठोके. डॉक्टरीणबाई रागावल्या सुद्धा, एवढं घाबरता कशाला म्हणून.

ती हॅमॉक अव्वानं दुसऱ्या दिवशी जाळली. म्हणून मृत्युंजय आता शिवत नाही. विचारलं तर म्हणतो, मागणी नाही.

अण्णा पाणी प्यायले. युवराज जरा सैलावून बसला. "म्हणजे बाळ बरं हाय ना अण्णा?"

"बरं हाय की. पोरगी झाली. माघात. मी दवाखान्यातच हुतो, बाहेर बाकावर. आन् अव्वा आत, दाराशी."

"मग संपलं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, शटर थरथरलं आणि थांबलं.

"नाळ कापायची हुती अजून," अण्णा म्हणाले. आवाज इतका खाली आला होता की पोरं पुढं वाकली. "आईनं सुदिक हात लावला नव्हता. सिस्टरबाई लेकराला पुसत हुत्या. डाव्या टाचेला काळा ठिपका दिसला. जन्मखूण असंल म्हणून त्यांनी अंगठा फिरवला..."

उत्कर्षानं डोळे मिटून घेतले.

"ठिपका पसरला. काजळ हुतं. कुणीतरी तीट लावून धाडली हुती."