शॅपच्या घाटात दोनदा दिवे

दुपारी अडीचच्या सुमाराला एनॉक ग्रिमशॉने आपली आठचाकी फोडेन लॉरी हिल्डाच्या खानावळीसमोरच्या खडीत उभी केली, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तो काही वेळ बसून राहिला. हात काढायचेही श्रम वाटत होते. ग्लासगोहून कागदाची रिळं भरून तो पहाटे निघाला होता. केबिनच्या मधोमध असलेलं इंजिन डाव्या गुडघ्याला भाजायचं आणि दाराच्या फटीतला वारा उजव्याला गारठवायचा. फटीत त्याने वर्तमानपत्रं कोंबली होती, मांडीवर बटाट्याचं रिकामं पोतं घेतलं होतं. वय एकोणसाठ, त्यातली बत्तीस वर्षं लॉरीवर. फेब्रुवारी महिना होता आणि डोंगरावरून धुकं खाली सरकत होतं.

शॅपच्या घाटाच्या माथ्यावरची ही शेवटची खानावळ. इथून पुढे केंडलच्या बाजूचा उतार लागायचा. येत्या हिवाळ्याच्या आत शेजारच्या खोऱ्यातला नवा रुंद रस्ता सुरू होणार होता. मग या घाटात कोण येतं?

"आलास का म्हाताऱ्या," हिल्डा चहाचा मग भरत म्हणाली. "मला वाटलं, वाटेतच कुठे पुरलं तुला."

"पुरून घ्यायला खाली उतरावं लागतं. उतरायचाच कंटाळा आला होता."

ती हसली आणि बेकन घातलेला पाव तिने न विचारताच त्याच्यापुढे सरकवला. शेगडीजवळच्या टेबलावर चारपाच ड्रायव्हर ओल्या कोटांनिशी बसले होते. खोलीत कोटांचा, डिझेलचा आणि जळक्या चरबीचा वास भरला होता. एकजण सांगत होता, काल हा उतार आपण किती कमी वेळात उतरलो ते.

"गियर काढलास ना?" क्लेम म्हणाला. क्लेम जाडा, तोंडाचा फटकळ. "खरं बोल. न्यूट्रलला टाकून सोडलीस गाडी."

"थोडीशीच."

"थोडीशीच म्हणे! जपून रे बाबा. सेथ करशील एक दिवस."

टेबल हसलं. हिल्डाच्या हातातली किटली क्षणभर हवेत थांबली आणि मग पुन्हा कलली.

'सेथ करणं' म्हणजे गियर काढून गाडी उतारावर मोकळी सोडणं आणि मग दरीत जाणं. लिव्हरपूलपासून ॲबरडीनपर्यंत हा शब्द चालायचा. नव्या ड्रायव्हरांना तो कुणा माणसाच्या नावावरून आलाय हेही ठाऊक नव्हतं. सेथ टायसन हा हिल्डाचा धाकटा भाऊ होता.

गिऱ्हाईकं उठायला लागली तशी हिल्डा ॲप्रनला हात पुसत एनॉकच्या समोर येऊन बसली. ती कधी बसत नसे.

"मे महिन्यात बंद करतेय मी. केंडलला बहिणीकडे जाईन. तो शब्द इथेच टाकून जाता आला असता तर बरं झालं असतं. पण तो माझ्याआधी पोहोचलेला असणार तिथे."

"हं."

"एनॉक, तू होतास त्याच्या मागे. एकदाच विचारते, मग नाही विचारणार. खरंच त्याने गियर काढला होता?"

एनॉकने मगाच्या तळाकडे पाहिलं. अकरा वर्षं, आठवड्यातून दोनदा, हेच वाक्य तोंडात घेऊन तो या दारातून आत आला होता आणि चहाबरोबर ते गिळून बाहेर पडला होता.

"धुकं होतं, हिल्डा," तो म्हणाला. "मला काही दिसलं नाही."

ती रिकामा मग उचलून आत गेली.

खरं काय झालं ते एकट्या एनॉकला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी तो भरल्या गाडीने खालच्या गियरमध्ये रांगत उतरत होता. मागून सेथ आला. त्याच्याकडे माल हलका होता. तो उजवीकडून पुढे निघाला. लॉरीवाल्यांची एक रीत आहे. लांब गाडीच्या ड्रायव्हरला धुक्यापावसात आपलं शेपूट आरशात दिसत नाही. म्हणून ज्याला मागे टाकलं तो दोनदा दिवे मारतो. शेपूट मोकळं आहे, ये आत. मग पुढचा डावीकडे आपल्या बाजूला येतो आणि मागचे दिवे दोनदा मिचकावून आभार मानतो. या रिवाजावर माणसं डोळे मिटून विश्वास ठेवायची.

एनॉकचं बोट बटणावर होतं. पण तो चौदा तास गाडी चालवत होता, कागदावर कायद्याला चालणारे अकराच लिहिले होते, आणि सेथची लांबलचक ताडपत्री खिडकीशेजारून सरकत असतानाच त्याचा डोळा लागला. किती वेळ? चार श्वास असतील. सेथ उलट्या बाजूला थांबून राहिला, दिव्यांची वाट पाहत, वेग वाढवत. समोरून दुधाची गाडी वर आली. मग सेथने न पाहताच स्टिअरिंग डावीकडे ओढलं. एनॉक जागा झाला तेव्हा दुधाची गाडी शेजारून वर निघून चालली होती, डावीकडच्या दगडी गडग्याला खिंडार पडलं होतं आणि पुढे रस्ता रिकामा होता. चौकशीत चाकांच्या खुणा पाहून साहेब म्हणाले, वेग फार होता, गियर काढला असणार. एनॉक मान खाली घालून उभा राहिला. बस, तेवढंच.

तीन वाजता तो निघाला. माथ्यावरून दुसरं वळण घेईपर्यंत धुक्याने रस्ता पुरता गिळला. गडग्याचे दगड डावीकडे तेवढे दिसायचे, तेही हाताच्या अंतरावर आल्यावर. तिसऱ्या गियरमध्ये इंजिन घुमत होतं. भिजलेल्या लोकरीचा वास कुठून तरी येत होता. मेंढ्या असाव्यात जवळ.

मग त्याच्या इंजिनाच्या घुमण्यात दुसरं एक घुमणं मिसळलं. मागून कुणीतरी येत होतं.

या धुक्यात पुढे जातोय, वेडा आहे काय, असं एनॉकच्या मनात आलं. उजव्या खिडकीशेजारून एक केबिन सरकून गेली. काच आतून घामेजलेली होती, माणूस दिसला नाही. मग ताडपत्री. ओली, काळपट, संपता संपेना. ती संपली आणि गाडी त्याच्या पुढे, उलट्या बाजूला, तशीच राहिली. वाट पाहत.

एनॉकने पटकन दोनदा दिवे मारले. गाडी डावीकडे आली. मागचे दिवे दोनदा मिचकले आणि धुक्यात विझले.

त्याने श्वास सोडला. पाच मिनिटं गेली असतील. मागून पुन्हा तेच घुमणं आलं.

पुन्हा घामेजलेली काच. पुन्हा ताडपत्री. या वेळी त्याने नीट पाहिलं. ताडपत्रीच्या मागच्या कोपऱ्यावर समुद्रकाठच्या खुर्चीच्या कापडाचं ठिगळ होतं. लाल पांढरे पट्टे, जाड सुईने घातलेले टाके. ते ठिगळ हिल्डाने याच खानावळीच्या टेबलावर बसून लावलं होतं. एनॉकने तेव्हा कापड ताणून धरलं होतं. ती ताडपत्री सेथच्या गाडीबरोबर दरीत जळून गेली होती.

त्याचं बोट बटणावर थिजलं. पुढची गाडी उलट्या बाजूला धावत राहिली. खालून चढणाऱ्या कशाचे तरी दोन पिवळे ठिपके धुक्यात फुटले.

"मारतो रे... मारतो..." एनॉक पुटपुटला आणि त्याने दिवे मारले.

गाडी आत आली. केंडलची बस उजवीकडून भस्सकन वर निघून गेली. खिडक्यांत माणसं बसलेली दिसली, मांडीवर पिशव्या घेऊन. समोर मागचे दिवे दोनदा मिचकले.

तिसऱ्यांदा घुमणं आलं तेव्हा तो घाबरला नाही, त्याला फक्त फार थकल्यासारखं झालं. मान मागे न वळवता त्याने बटणावर बोट ठेवलं. आणि त्याच्या ध्यानात आलं की हे असंच चालू राहणार. दिव्यांनी हे मिटायचं नव्हतं.

उताराच्या तळाशी पुलाजवळ टेलिफोनची लाल पेटी होती. तिथे त्याने गाडी उभी केली, नाणी चाचपली आणि खानावळीचा नंबर फिरवला.

"हिल्डा, त्याने गियर काढला नव्हता."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"तो माझ्या दिव्यांची वाट पाहत होता. मी दिले नाहीत. मला... झोप लागली होती."

त्याने आणखी एक नाणं पेटीत टाकलं.

"अकरा वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलास तू," हिल्डा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "इथे बसून. ते हसायचे तेव्हा तूही इथेच बसलेला असायचास."

"हो."

"मला एकटीला सांगून काय उपयोग आहे एनॉक? मला तर माहीतच होतं तो तसा नव्हता. वर ये. क्लेम आहे, धुकं म्हणून थांबलाय. सगळे थांबलेत. त्यांच्यासमोर सांग."

"हिल्डा, माझ्यात आता तो घाट पुन्हा चढायचं..."

"सेथ चढू शकत नाही म्हणून तुला सांगतेय."

तिने फोन ठेवला.

पुलाजवळच्या मोकळ्या जागेत आठ चाकं वळवायला त्याला सात वेळा मागेपुढे करावं लागलं. खांदे भरून आले. चढायला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात रस्त्यावर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

खानावळीत दिवे लागले होते. दारातच उभं राहून, टोपी हातात घेऊन, त्याने सांगितलं. चौदा तास, अकराचा कागद, बटणावरचं बोट, चार श्वास. शेगडीत कोळसा ढासळला.

"लेका," क्लेम शेवटी म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. "आणि मी रोज इथे तिच्या तोंडावर..."

"तू रोज," हिल्डा म्हणाली. "आता उद्यापासून दुसरं काहीतरी शोध हसायला."

तिने एनॉककडे पाहिलं नाही. पण त्याच्यापुढे चहाचा मग आणून ठेवला. त्याने तो उभ्यानेच संपवला. रिळं सकाळी प्रेस्टनला पोहोचायलाच हवी होती, म्हणून तो निघाला. क्लेम दारापर्यंत आला. "थांब की इथेच. झोप दोन तास."

"झोपेनेच तर सगळं झालं," एनॉक म्हणाला.

आता अंधार पडला होता, धुकं तसंच होतं. छाती मात्र हलकी वाटत होती, आणि त्या हलकेपणातच एवढी वर्षं अडवून धरलेला शीण एकदम अंगात उतरत होता. पापण्या जड झाल्या. त्याने खिडकी उघडली, गार हवा तोंडावर घेतली. मागून घुमण्याचा आवाज येतो का म्हणून कान दिला.

आवाज आला नाही. आरशात दोन दिवे मात्र होते.

ते पुढे येत नव्हते. त्याने वेग कमी केला, त्यांनीही केला. एका वळणावर तो पुरता थांबला, पुढे जाऊ दिलं तर जातील म्हणून. तेही थांबले. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. तो पुन्हा निघाला.

सेथची गाडी दरीत गेली ती जागा येत होती. गडगा तिथे नंतर बांधून काढलेला होता, नवे दगड जुन्यांपेक्षा फिकट होते, त्यामुळे ती लांबून कळायची. एनॉकने फिकट दगड शोधले. दिसले नाहीत. डावीकडे गडगाच नव्हता. तिथे रस्ता होता. रुंद, कोरडा, सपाट रस्ता, त्यावर धुकंही नव्हतं, गाडी बाजूला घेऊन डोकं टेकायला हवी असते तशी ऐसपैस जागा.

आरशातले दिवे विझले, पेटले. विझले, पेटले.

शेपूट मोकळं आहे. ये आत.

बत्तीस वर्षांत त्या खुणेनंतर त्याने कधी विचार केला नव्हता. कुणीच करत नसे. हात आपोआप डावीकडे वळू लागले. पुढचं चाक रस्त्याच्या कडेच्या गवतात गेलं, आणि गवताचा खरखराट ऐकून त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. डाव्या आरशाची काच कशावर तरी फुटली. दगडावर. फिकट, ओल्या दगडावर.

मागे कुणी नव्हतं.

खानावळ मे महिन्यात बंद झाली आणि नवा रस्ता सुरू झाल्यावर घाटातून लॉऱ्या जायच्या थांबल्या. 'सेथ करणं' हा शब्द त्याआधीच मेला होता. क्लेमने ते काम मनावर घेतलं होतं. एनॉकनेही गाडी सोडली. तो प्रेस्टनला एका बोळातल्या घरात राहतो, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बोळ इतका अरुंद आहे की हातगाडीदेखील नीट वळत नाही.

धुकं पडतं त्या रात्री मात्र निजायच्या खोलीच्या भिंतीवर उजेड येतो. दोनदा येतो आणि जातो. एनॉक पलंगाच्या उजव्या कडेला, पलंगाचा दांडा मुठीत धरून झोपतो. सकाळी जाग येते तेव्हा तो डाव्या कडेला असतो.