बेल चालू होती

"सुतकात माणसानं घराबाहेर पडू नये म्हणतात. मी पडलो. आत येऊ का?"

दारात सत्तरी ओलांडलेले, टोपी घातलेले गृहस्थ उभे होते. कानात ऐकण्याचं मशीन होतं. सुनीतीबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"या. इथे सुतक, सोयर सगळं चालतं. खोटं बोललेलं तेवढं चालत नाही. बसा."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर श्यामसुंदर बसले होते. ते सुनीतीबाईंच्या दिवंगत बहिणीचे, मंदाकिनीचे, यजमान. मंदाकिनी गेल्यापासून ते रोज सकाळी मंडईत भाजी घेऊन मागच्या गल्लीतल्या या ऑफिसात येत. सुनीतीबाई खासगी चौकशीची कामं करायच्या आणि श्यामसुंदर त्यांच्याबरोबर हिंडायचे. त्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन खच्चून वाजला. पाहुणे मशीनवर हात ठेवून दचकले.

"राँग नंबर," फोन ठेवत श्यामसुंदर ओशाळून म्हणाले. मंदाकिनीचा शेवटचा फोन आला तेव्हा त्यांचा मोबाइल मुका करून ठेवलेला होता. तेव्हापासून त्यांनी आवाज कधी कमी केला नाही. सुनीतीबाई सगळ्या जगाला टोमणे मारत, पण या एका गोष्टीवर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

पाहुण्यांचं नाव हिंमतराव राऊत. मूळचे यवतमाळचे. मुलाकडे, आनंदकडे, वाघोलीत राहत होते. गेल्या शुक्रवारी दुपारी त्यांची पत्नी विमलाबाई गेली.

"तिला लकवा झाला होता. आवाज पार बसला होता, तोंडाशी कान नेला तरच कळे. म्हणून आनंदनं बेल करून दिली होती. पलंगाशी बटण. तिनं दाबलं की ऑफिसात आनंदचा फोन वाजे. मग तो चंद्रभागेला फोन लावे, की आई बोलावते आहे."

"चंद्रभागा कोण?"

"सांभाळायला ठेवलेली बाई. शुक्रवारी ती गच्चीवर गोधड्या वाळत घालायला गेली. विमलच्या छातीत दुखलं असेल. चंद्रभागा खाली आली तेव्हा बटण मुठीतच होतं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर..."



"घरात आणखी कोण होतं?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"नातू होता, साई. मुलीचा मुलगा. इथंच कॉलेजात आहे. आत दार लावून शिकत होता." हिंमतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "अन् मी होतो. हॉलमध्ये. हे मशीन काढून झोपलो होतो."

खाली भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली.

"मग माझ्याकडे का आलात?"

"आनंद म्हणतो, चंद्रभागेनं राउटरचं बटण बंद केलं, म्हणून बेल पोचली नाही. तिला त्या बेलचा राग होता हे खरं. ही बेल विहिरीत टाका, असं एकदा सर्वांसमोर म्हणाली होती. रविवारी आनंदनं ही गोष्ट पहिल्यांदा काढली अन् लगेच तिच्या एजन्सीला कळवलं. त्यांनी तिला काढलं. तेरावं झालं की तो पोलिसात तक्रार देणार आहे."

"तुम्हाला पटत नाही?"

"पटत नाही असं नाही. पण विमल त्या चंद्रभागेच्याच हातानं जेवत होती, बाई. खरं असेल तर मी गप्प बसतो. खोटं असेल तर तेराव्याचा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

उठता उठता ते म्हणाले, "विमल शेवटी नाराज होऊन गेली, हेच लागून राहिलं. गुरुवारी संध्याकाळी म्हणत होती, दाबून दाबून बोट दुखलं, आनंदला आता वेळ नाही आपल्यासाठी. मी म्हटलं, काहून असं म्हणतेस, त्याला ऑफिसात काम असते."

सुनीतीबाईंनी चष्मा पुसला. फार वेळ पुसला.

*

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये दिवा तेवत होता. आनंद चाळिशीचा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. श्यामसुंदरांना त्याच्याकडे बघवेना.

"नेट कसलं आहे तुमचं?" सुनीतीबाईंनी विचारलं.

आनंदनं दारालगतची फळी दाखवली. भिंतीवर कंपनीचा पांढरा डबा होता आणि फळीवर चार अँटेनांचा काळा राउटर.

"नवीन फायबर आहे. गेल्या बुधवारी बसवलं. कंपनी स्वतःचा डबा देते, पण मी त्यावर अवलंबून राहत नाही. माझा राउटर आहे, माझी फायरवॉल आहे, म्हणजे बाहेरच्याला आत येऊ न देणारी भिंत. आईची खोली दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर नको होती मला. बेलचं सगळं मी घरातच बनवलं होतं."

"आणि कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय?"

"ते पहिल्याच दिवशी बंद केलं. त्यांचे पासवर्ड डब्यावर छापलेले असतात. घरात वाय-फाय एकच. माझं."

"बेल तपासली होती?"

"अर्थात. बुधवारी रात्री फायबर लागल्यावर लगेच. मी इथे हॉलमध्ये उभा होतो, आईनं बटण दाबलं, फोन वाजला. परफेक्ट."

"गुरुवारी?"

"गुरुवारी तिनं एकदाही बोलावलं नाही. मला बरंच वाटलं. म्हटलं, तब्येत ठीक दिसतेय."

"आणि शुक्रवारी?"

"हॉस्पिटलमधून आलो तेव्हा राउटरचं बटण बंद होतं." त्याचा आवाज चढला. "दारातून बाहेर पडताना हात सहज पोचतो. आणि बाहेर पडलेलं माणूस एकच होतं."

साई आतल्या खोलीत पलंगावर पाय जवळ घेऊन बसला होता. विशीचा मुलगा, पण पाचवीतल्यासारखा दिसत होता.

"शुक्रवारी दुपारी काय करत होतास?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"ऑनलाइन लेक्चर होतं, काका. कॅमेरा ऑन कंपल्सरी असतो, म्हणून दार लावलं. लॅपटॉपवर होतो, घरच्या वाय-फायवर."

"मध्ये नेट गेलं होतं का?"

"नाही ना. एकदम स्मूद चाललं होतं. चंद्रभागामावशी ओरडली तेव्हाही सर बोलतच होते." त्यानं गुडघ्यावर हनुवटी टेकली. "हेडफोन होते माझ्या कानात. आजी पलीकडच्या भिंतीला होती. मला काहीच ऐकू नाही आलं."

श्यामसुंदरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आनंदची बायको, रुपाली, दारापर्यंत सोडायला आली. हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, यांना फार विचारू नका. डोक्यावर परिणाम होईल की काय वाटतंय. शनिवारी संध्याकाळी मला आईंच्या पलंगावर बसवलं आणि म्हणाले, तू बटण दाबत राहा, मी खाली जाऊन येतो. मी दाबत राहिले. हे गेटपर्यंत गेले, वर आले, परत गेले. एक शब्द बोलले नाहीत. नंतर बाथरूममध्ये रडल्याचा आवाज आला."

"दुःखात माणूस काहीही करतो," श्यामसुंदर म्हणाले.

"माणूस दुःखात जे करतो त्याला बहुतेक वेळा कारण असतं, भावजी," जिना उतरताना सुनीतीबाई म्हणाल्या.

*

चंद्रभागा गावठाणात एका पत्र्याच्या खोलीत राहत होती. पन्नाशीची, धिप्पाड बाई. त्यांना बघून ती उठलीच नाही.

"आता कोन इचारायला आलं? समद्यांनी इचारून झालं की."

"बेलचा राग होता तुम्हाला?"

"व्हता. खोटं कशाला बोलू? आई खोलीतनं बटन दाबनार, साहेब हाफिसातनं मला फोन करनार, अन् मी हितंच सैपाकघरात! सरळ घंटी लावा म्हनलं, तर साहेब हसले. पन बंद कशाला करू? मला कुठलं बटन कशाचं ते कळतंय व्हय?"

"गच्चीवर फोन जवळ होता?"

"कमरेलाच व्हता. वाजला असता तर गोधडी टाकून पळत आले असते." तिनं कमरेचा फोन काढून पाहिला. "साहेबांचा फोन गुरवारपासूनच बंद झाला. दिवसभरात एकबी न्हाई. मला वाटलं, माझ्या बोलन्याचा राग आला."

निघताना तिनं हाक मारली. "ओ बाई, एक सांगा. त्या मला बोलवत व्हत्या का? तेवढंच कळू द्या. झोप न्हाई मला."

सुनीतीबाईंनी मागे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नगर रोडवरच्या चहाच्या टपरीवर इंटरनेट कंपनीचा तेजस भेटला. फायबर त्यानंच जोडलं होतं.

"पुढं आमचा डबा, त्याच्यामागं सरांचा राउटर," कपानं टेबलावर जागा दाखवत तो म्हणाला. "सगळं ओके होतं, मॅडम. कंप्लेंट नव्हती."

"परत जावं लागलं का?"

"सोमवारी गेलो. रविवारी सकाळी सरांचा फोन आला, तुमच्या डब्यातलं राउटर आणि फायरवॉल बंद करा, लाइन सरळ माझ्या राउटरला द्या म्हणून. अर्जंट म्हणाले. गेलो तर दारात चपला, आत दिवा लावलेला. कसंतरीच झालं. मला म्हणाले, कर तू तुझं काम."

सुनीतीबाईंनी चहाचे पैसे टेबलावर ठेवले. "चला भावजी. चंद्रभागाबाईंना घेऊन राऊतांच्या फ्लॅटवर जायचंय."

"म्हणजे कळलं?"

"कळलं. न कळतं तर बरं झालं असतं."

*

हॉलमध्ये सगळे बसले. चंद्रभागा उंबऱ्याशी उभी राहिली.

"हिला का आणलंत?" आनंद उठला.

"बसा. साईचं लेक्चर शुक्रवारी दुपारी एकदाही अडखळलं नाही. म्हणजे राउटर चालू होता."

श्यामसुंदरांना शंका आली. "पण साई कंपनीच्या डब्याच्या वाय-फायवर असेल तर? राउटर बंद असला तरी ते चालेल."

"चाललं असतं. पण ते वाय-फाय पहिल्याच दिवशी बंद केलं, हे आनंदरावांनीच अभिमानानं सांगितलं. घरात वाय-फाय एकच. तेव्हा राउटरचं बटण कुणीही बंद केलेलं नव्हतं."

"मग बेल का पोचली नाही?" रुपालीनं विचारलं.

"शुक्रवार सोडा. गुरुवार घ्या. हिंमतरावांना विमलाबाई म्हणाल्या, दाबून दाबून बोट दुखलं. आनंदराव म्हणतात, एकदाही बोलावलं नाही. चंद्रभागाबाई म्हणतात, दिवसभरात एक फोन नाही. तिघंही खरं बोलतायत. बेल शुक्रवारी बंद पडली नाही. बुधवारी फायबर आलं, तेव्हापासूनच ती ऑफिसात पोचत नव्हती."

"पण बुधवारी रात्री तपासली होती ना?" श्यामसुंदर म्हणाले.

"कुठे उभं राहून? याच हॉलमध्ये. फोन घरच्या वाय-फायवर. निरोप घरातल्या घरात फिरला आणि वाजला. बाहेरच्या फोनला आत पोचायचं, तर भिंतीत दार लागतं. आनंदरावांनी आपल्या फायरवॉलमध्ये ते दार पूर्वीच ठेवलं होतं. पण नव्या फायबरबरोबर पुढे कंपनीचा डबा आला आणि त्यालाही स्वतःची भिंत होती. तिला दार नव्हतं. त्या डब्याचं वाय-फाय बंद केलं, भिंत तशीच राहिली. घराबाहेर चार पावलं जाऊन एकदा बघितलं असतं तर कळलं असतं."

आनंद जमिनीकडे बघत होता.

"ते बघितलं शनिवारी. रुपालीताईंना बटण दाबायला बसवून हे गेटपर्यंत गेले. ते वेड नव्हतं, ती तपासणी होती. वर आले की फोन वाजायचा, गेटवर गेले की नाही. रविवारी सकाळी तेजसला सांगितलं, तुमच्या डब्याची भिंत काढा. बाईनं बटण बंद केलं असं ज्याला खरंच वाटतं, तो कंपनीच्या डब्याला हात कशाला लावेल? आणि बटण बंद होतं ही गोष्ट घरात पहिल्यांदा निघाली तीही रविवारीच. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही."



"मला कळलं आणि..." आनंदचा आवाज फाटला. "मी बाबांना काय सांगणार होतो? की माझ्या हातून झालं? तोंडातून निघून गेलं, की बटण बंद होतं. मग ते मागे घेता आलं नाही. मलाच रोज वाटायला लागलं की खरंच बंद असेल."

"चूक कुणाचीही होते," सुनीतीबाई म्हणाल्या. "त्या चुकीचा गुन्हा तुम्ही रविवारी केलात, आणि तो या बाईंच्या नावावर टाकलात."

आनंद उठून चंद्रभागेसमोर गेला. हात जोडले.

"हात नका जोडू, साहेब," ती म्हणाली. "एजन्सीत चला. तिथं समद्यांम्होरं सांगा. मला तेवढंच पायजे."

"आत्ताच येतो," तो म्हणाला.

"थांब." हिंमतराव पहिल्यांदाच बोलले. "ती बेल घरात पोचत होती म्हणतोस ना? मग तुझ्या त्या मशीनमध्ये असेल, किती वेळा दाबली ते."

आनंदनं मान हलवली. हो.

"तू पाहिलं?"

"बाबा, नको."

"तिनं मला गुरुवारीच सांगितलं होतं. मी मनावर घेतलं नाही. शुक्रवारी मी इथंच होतो." हिंमतरावांनी कानातलं मशीन काढलं, त्याचा आवाज वाढवला आणि परत नीट बसवलं. "आता सांग. मोठ्यानं सांग."

आनंदनं आकडा सांगितला. हिंमतरावांनी तो पुन्हा सांगायला लावला.

चंद्रभागा उंबऱ्यातच खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली.

*

खाली रस्त्यावर रिक्षा मिळेना. दोघं चालत निघाले. मग श्यामसुंदरांच्या खिशातला फोन खच्चून वाजला. शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्यानं वळून पाहिलं.

कुठल्याशा कंपनीची मुलगी होती. घरी नवीन इंटरनेट कनेक्शन हवंय का, विचारत होती.

सुनीतीबाई पुढे जाऊन थांबल्या. श्यामसुंदर रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.