बालवाडीच्या फाटकाबाहेर

"जरा तुमची मुलगी देता का? पाच मिनिटांत परत करतो."

आवाज जमिनीवरून आला म्हणून आत्यानं खाली पाहिलं. बालवाडीच्या व्हरांड्यातल्या नव्या बेसिनखालून दोन पाय बाहेर आले होते, त्यातल्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक. मग पायांमागून उरलेला माणूस सरपटत बाहेर आला. केसांत सिमेंट, हातात पाना आणि चेहऱ्यावर असं हसू, की रागवायचं ठरवून आलेल्या बाईचीही पंचाईत व्हावी.

"देता का म्हणजे?" आत्या म्हणाली.

"मापाला हो! बाईंना मुलांच्या उंचीचे नळ हवेत. मी मघापासून गुडघ्यांवर चालून अंदाज घेतोय, पण माझे गुडघे काही तीन वर्षांचे नाहीत."

मापाचं माणूस आत्याच्या पदरात तोंड खुपसून उभं होतं. तिचं घरातलं नाव मुंगी. परक्या माणसाशी मुंगी बोलत नसे, त्याच्याकडे बघतही नसे.

नळवाल्यानं तिला हात लावला नाही, लाडीगोडीही केली नाही. तो सरळ स्टुलावर चढला आणि नळ छताला टेकवून गंभीरपणे म्हणाला, "इथे लावू?"

पदराआडून एक डोळा बाहेर आला. मुंगीनं मान हलवली… नाही.

तो खाली उतरला आणि फरशीवर आडवा झाला. "मग इथे?"

नाही!

"मग माझ्या डोक्यावर लावतो. त्यात काय."

मुंगी पदर सोडून तरातरा पुढे गेली, भिंतीशी उभी राहिली आणि हात लांब करून बोटानं दाखवलं. इथे.

नळवाल्यानं तिथे पेन्सिलीनं खूण केली. "झक्कास! वहिनी, मुलगी एकदम मापात आहे बरं का तुमची."

वहिनी… ही हाक आत्याच्या घरात दोन वर्षं कुणी मारली नव्हती.

आत्या ही मुंगीची खरीच आत्या, बापाची धाकटी बहीण. वय सव्वीस, नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये. त्या काळी एका माणसाचा आवाज दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचवायला मध्ये एक मुलगी बसलेली असायची, त्यातलीच ही एक. भाऊ जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. आणि वहिनी आठवडाभराच्या तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा मुंगी जेमतेम वर्षाची होती. तेव्हापासून सकाळी आत्या आणि दुपारी शेजारच्या आजी, असं मुंगीचं जग चाललं होतं. आता आजी लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. त्यात साहेबांनी बजावलं होतं, की पहिल्या तारखेपासून सकाळची पाळी. जमत असेल तर या, नाहीतर खुर्ची रिकामी करा.

आत्यानं सगळ्या बालवाड्या पालथ्या घातल्या होत्या. चांगल्या होत्या त्या खिशाला झेपत नव्हत्या. झेपत होत्या तिथे तीस मुलं एका खोलीत तोंडावर बोट ठेवून बसलेली. ही एकच अशी निघाली, की फी ऑपरेटरच्या पगारात बसेल आणि मुलांशी बोलताना बाई स्वतः जमिनीवर बसतील. जागा वीस. एकोणीस भरलेल्या.

"माझी एकच अट आहे," बाईंनी सांगितलं होतं. "पहिला आठवडा तू आत बस. दुसरा आठवडा बाहेरच्या ओट्यावर. तिसऱ्या सोमवारी तासभर फाटकाबाहेर. पोर रमली तर जागा तुझी. नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलाला बोलावीन. रडवून बसवणं मला जमत नाही, बाई."

तर अशी सगळी मदार त्या तिसऱ्या सोमवारावर होती.

नळवाल्याचं काम लांबलं. जुने पाइप सगळेच सडके निघाले, त्यामुळे रोज सकाळी तो होताच. आला की, "काय वहिनी, मुंगी जेवली का?" गेला की, "येतो वहिनी." बोलणं अदबीचं, नजर खाली. आणि आत्याची चमत्कारिक अडचण! वहिनी म्हणू नका असं सांगावं, तर परक्या पुरुषाला आपण होऊन सांगितल्यासारखं… की माझं लग्न झालेलं नाही. न सांगावं, तर तो रोज एकेका हाकेनं तिला चार पावलं लांब नेऊन ठेवत होता. आणि लांब जायची तिची इच्छा नव्हती, हे तिला दुसऱ्या आठवड्यात कळून चुकलं.

त्या आठवड्यात आत्या ओट्यावर बसायची. एकदा नळवाल्यानं मुंगीला पाइपचा एक वाकडा तुकडा दिला. मुंगीनं लगेच एक टोक कानाला लावलं.

"हॅलो, नंबर बोला," ती अगदी आत्याच्या आवाजात म्हणाली.

परक्या माणसाशी तिचे हे पहिले शब्द. ओट्यावर आत्या अर्धवट उठलीच.

नळवाला मात्र काहीच झालं नाही असा दुसऱ्या टोकाशी उकिडवा बसला. "हॅलो, मला वहिनींशी बोलायचंय. जोडून द्या."

"वहिनी घरी नाही."

"अहो, त्या काय ओट्यावर बसल्यात!"

"ती आतू आहे," मुंगी पाइपात ठणकावून म्हणाली. "वहिनी म्हणजे माझी आई. ती फोटोत आहे."

नळवाला पाइप हळूच खाली ठेवून ओट्यापाशी आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"चुकलं माझं… मला वाटलं…"

"सगळ्यांनाच वाटतं," आत्या म्हणाली. "आणि वाईट नाही वाटलं. खरं सांगू? दोन वर्षांनी कुणी तिच्या नावाची हाक घरात… म्हणजे आमच्यात मारली."

त्यानं खिशातला पाना काढून उगाच पुसला. "मग आता काय म्हणू तुम्हाला?"

"काही म्हणायलाच हवं का?"

"हाक मारायची झाली तर?"

"नका मारू."

"आणि… मारावीशी वाटली तर?"

आत्यानं नजर वळवली नाही. आतून बाई ओरडल्या, "अरे, पाणी चालू राहिलंय तिकडे! माझा व्हरांडा वाहून जाईल!"

तिसरा सोमवार उजाडला. नळवाल्याचं काम शनिवारीच संपलं होतं, तरी तो फाटकाशी हजर. धुतलेला शर्ट, नीट भांग आणि खांद्याला हत्यारांची पिशवी.

"आज कुठला पाइप फुटला?" आत्यानं विचारलं.

"अजून फुटला नाही. फुटेल म्हणून आलो."

आत्याला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. बाई मुंगीला हात धरून आत घेऊन गेल्या, दार लोटलं गेलं आणि दोनच मिनिटांत मुंगीचं रडणं सुरू झालं. "आतू! आतू!"

आत्यानं फाटकाचा गज घट्ट धरला. "तुम्ही जा ना आत. नळ बघायला आलो म्हणा. तुम्हाला बघून गप्प होईल ती."

"होईल."

"मग जा ना!"

"आज मी गप्प करीन. उद्या कोण करणार?"

"उद्याचं उद्या! माझी नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला? तिची जागा जाईल!"

"म्हणूनच जात नाही," तो म्हणाला. आवाज मऊ होता, पण पाय हलले नाहीत. "माप तिचं तिनंच दाखवलं होतं. मी नुसता वेडेपणा केला. आताही तिचं तिलाच करू द्या."

आत्या त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. असला राग तिला आयुष्यात कुणाचा आला नसेल. आत रडणं वाढलं… मग खाली आलं… परत वाढलं. तो काही तिथून गेला नाही. जिकडून तिच्यावर ऊन येत होतं, तिकडच्या बाजूला सरकून तेवढा उभा राहिला. पाठमोऱ्या आत्याला जमिनीवर त्याची सावली दिसत होती.

आणि मग एकदम काहीच ऐकू येईना.

उरलेली चाळीस मिनिटं दोघांनी बंद दाराकडे बघत काढली.

दार उघडलं. मुंगी बाहेर आली, हात कोपरापर्यंत मातीत माखलेले आणि कपाळावर आठ्या. "एवढ्यात कशाला आलीस? माझा हत्ती अजून ओला आहे!"

आत्या मटकन पायरीवर बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच समजेना. बाई फॉर्म घेऊन आल्या आणि तिच्या शेजारीच टेकल्या. "विसावी जागा भरली. घे, सही कर. आणि हे भर, तू पाळीवर अडकलीस तर मुंगीला न्यायला दुसरं कोण येईल?"

आत्याचं पेन थांबलं. भाऊ पाण्यावर, आजी लेकीकडे. दुसरं होतंच कोण?

"मी येईन की," फाटकापाशी नळवाला म्हणाला.

"तुझं नाव घालता येत नाही, बाबा," बाई म्हणाल्या. "नुसत्या ओळखीच्या माणसाच्या हाती मी पोर देत नाही. नातं लागतं. पुढच्या रकान्यात नातं लिहावं लागतं."

मघाशी फाटकाशी इतका ठाम उभा राहिलेला माणूस आता चपलेच्या टोकानं माती उकरत होता. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. ऊन त्याच्या अर्ध्या खांद्यावर आलं होतं आणि मुंगी त्याच्या धुतलेल्या शर्टाला चिखलाचे हात पुसत होती. त्याचं लक्षही नव्हतं.

आत्यानं मान खाली घालून त्याचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात एकच शब्द लिहिला आणि घाईघाईनं फॉर्म बाईंच्या हातात कोंबला.

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "आतोबा," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"आतोबा?" नळवाला गोंधळला. "आतोबा म्हणजे… आत्याचा नव…"

पुढचं अक्षर काही त्याच्या तोंडून फुटेना. खांद्यावरची पिशवी तेवढी धाडकन खाली पडली.

"भाऊ पंधरा तारखेला येतोय," आत्या फाटकाकडे बघत म्हणाली. "त्याच्याशी मी बोलेन. पण तुमची हरकत असेल, तर आत्ताच सांगा… शाई ओली आहे तोवर."

"खोडू नका!" तो जवळजवळ ओरडलाच. मग दोन पावलं पुढे आला, दोघींसमोर वाकला आणि बाईंच्या हातातल्या फॉर्मवरच्या त्या एका शब्दावर हलकेच फुंकर घालायला लागला.