कपाटामागचं बटण

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी मागून हाक मारली तरी माझ्या हातातला कप सुटतो. ताई म्हणते, हिची हिच्या सावलीशी एकदा रीतसर ओळख करून द्यायला हवी. तेव्हा पुढचं ऐकताना हसू आलं तर हसा, फक्त मध्येच दिवा मालवू नका.

त्या दिवशी मी घाबरले नव्हते, उलट जरा ऐटीतच होते. मांडीवर खोकी घेऊन टॅक्सीतून घरी येत होते. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, कूलर… तयार कॉम्प्युटर न घेता सुटे भाग आणून मी स्वतः तो जोडणार होते. कॉलेज संपून बराच काळ मी घरीच बसून होते, आणि घरांची आतली सजावट करणाऱ्या एका फर्मने मला चाचणी म्हणून काम दिलं होतं. अजून न बांधलेल्या एका घराच्या खोल्यांतून फिरवून आणणारी छोटीशी फिल्म करायची. आवडली, तर कायमचं काम. अशी फिल्म कॉम्प्युटरवर एकेक चित्र करत तासन्‌तास शिजवावी लागते. रेंडर म्हणतात त्याला. माझा जुना लॅपटॉप तो शब्द ऐकूनच मान टाकायचा.

"जमेल ना गं तुला?" खोकी उतरवून घेताना आईने विचारलं.

"त्यात काय आई, खाचेत पिन बसवायची की झालं."

"मिक्सर चालू करताना डोळे मिटतेस तू," ताई म्हणाली.

ताई तेव्हा तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. त्यामुळे मला मिळाली मोठ्या काकांची खोली. मोठे काका म्हणजे आईचे थोरले दीर. आदल्या हिवाळ्यात ते गेले, आणि तेव्हापासून खोली बंदच होती. तिला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. भर दुपारीसुद्धा आत दिवे लावायची वेळ झाल्यासारखं वाटायचं. एका भिंतीला काकांचं अवजड लाकडी कपाट आणि कपाटाच्या मागे विजेचा बोर्ड. त्याच भिंतीच्या पलीकडे, तिला अगदी चिकटून, बाळाचा पाळणा होता. ती भिंत लक्षात ठेवा.

काकांना आम्ही बहिणी बटणकाका म्हणायचो. आयुष्यभर त्यांनी एका कारखान्यात शिफ्ट संपल्यावर एकेक यंत्र बंद झालंय ना, हे बघत फिरायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर आमचं घर हाच त्यांचा कारखाना झाला. डावा पाय किंचित ओढत, सपाता घासत यायचे. घस्स… घस्स… आणि टक्. दिवा गेला. मॅच रंगात आलेली असली तरी टक्. ताई डोक्याला शाम्पू लावून बसलेली असली तरी गिझर टक्. आम्ही ओरडलो की एवढंच म्हणायचे, "काम झालं ना? मग राहू दे बंद."

तर, कॉम्प्युटर जोडला. कपाटामागून एक जुनी एक्स्टेन्शनची वायर बाहेर आलेली होती, काकांच्या रेडिओची. तिलाच पिन लावली. पंखे फिरले, पडदा उजळला, आणि मी आनंदाने अशी किंचाळले की पलीकडे बाळ उठलं.

माझा आनंद फार टिकला नाही. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान ताप चढावा तसं चढत गेलं, पंखे पिसाळल्यासारखे घोंघावले आणि सगळं बंद. थोडं थांबून परत लावलं, परत तेच.

ताई बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "बटणकाकांना पसंत नाही दिसत. एवढी वीज खातोय ना!"

"ताई, नको ना असलं…"

"अगं, गंमत केली."

ती गंमत करून गेली, पण मी त्या खोलीत पाठ भिंतीला लावून बसू लागले.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उचलून दुकानात नेलं. दुकानदाराने कूलर उलटा केला आणि इतका हसला की त्याला चष्मा पुसावा लागला. कूलरच्या तळाला एक पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं, ते बसवण्याआधी सोलून काढायचं असतं. मी तसंच बसवलं होतं.

"अहो, गार करणाऱ्याला तुम्ही रेनकोट घालून उभं केलंत की! त्याच्यापर्यंत उष्णता पोचणार कशी?"

"काढा, असं लिहिलंय का त्यावर?"

"मोठ्या अक्षरांत."

लाजेने मेले, पण जीव भांड्यात पडला. बिचाऱ्या काकांचा काही संबंध नव्हता. घरी आल्यावर मी मनातल्या मनात त्यांना सॉरीसुद्धा म्हटलं.

या वेळी तापमान शांत राहिलं. मी रेंडर सुरू केला आणि खुर्चीत मागे रेलले. पडद्यावर त्या नसलेल्या घराचा बोळ हळूहळू उमटत होता. भिंत… दार… दारापलीकडचा अंधार…

टक्.

पडदा काळा झाला. पंखे ओरडले नव्हते, तापही चढला नव्हता. खोलीतला दिवा जळतच होता. मी कॅबिनेटच्या आत वाकून पाहिलं. मदरबोर्डवर एक इवलासा हिरवा दिवा असतो. कॉम्प्युटर बंद असतानाही तो जळतो. तोही गेला होता. म्हणजे कॉम्प्युटर बिघडून बंद पडला नव्हता, त्याची वीजच कुणीतरी काढून घेतली होती.

कपाट आणि भिंत यांच्यामध्ये माझा हात जेमतेम जाईल एवढी फट. दिसत काहीच नव्हतं. हात घातला, चाचपलं. बोर्डावरचं बटण बंदच्या बाजूला कललेलं होतं. मी ते दाबलं. टक्. हिरवा दिवा परत आला.

बटण कोमट होतं. कुणीतरी आत्ताच त्यावरून बोट उचललं असावं, तसं.

"वायरीत पाय अडकत असेल तुझा," आई म्हणाली.

"पायाने बटण कसं बंद होईल, आई?"

"तुझं काही सांगता येत नाही बाई." मग ती नाक आक्रसून म्हणाली, "शेजाऱ्यांनी मासळी आणली वाटतं. इथवर वास येतोय."

वास मलाही येत होता. पण शेजारच्या घराला तर कुलूप होतं. हे मी आईला सांगितलं नाही.

पुढच्या दुपारी आई बाजारात गेली होती आणि ताई बाळाला थोपटता थोपटता स्वतःच झोपली होती. मी दोन्ही पाय खुर्चीवर वर घेऊन बसले, वायरीपासून लांब. रेंडर चालू होता. घर इतकं शांत की पलीकडे बाळाचा श्वास ऐकू यावा. थंडी म्हणून ताईच्या खोलीत हीटर लावलेला होता, त्याची घरघर तेवढी भिंतीतून येत होती.

मग त्या घरघरीखाली आणखी एक आवाज आला. घस्स…

मी मान वळवली नाही.

घस्स… घस्स…

टक्.

पडदा विझला. काळ्या काचेत माझा चेहरा दिसला आणि त्यामागे उघडं दार. दारात कुणी नव्हतं. मासळीचा तो वास आता घशात बसत होता. कसाबसा मी फटीत हात घातला. बटण बंद. कोमट नव्हे, आता चांगलंच गरम.

"काका…?" माझा आवाज मलाच ऐकू येईना. "काका, मला काम आहे हो… अजून झालं नाही माझं काम…"

मी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. वळले, आणि खुर्चीपर्यंत पोचायच्या आतच पाठीमागे…

टक्.

पायात चपला होत्या की नाही, आठवत नाही. कॅबिनेट छातीशी धरून मी जी निघाले, ती थेट दुकानात.

"आता काय? ओव्हरकोट?" दुकानदाराने विचारलं. माझं तोंड बघून मात्र त्याने लगेच कॅबिनेट उघडलं. म्हणाला, एसएमपीएस दगा देत असेल. घरातली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारा तो पेटीसारखा भाग. त्याने तो बदलून दुसरा लावला आणि रेंडर सुरू केला. तासभर चालला. मग माझाच जुना परत लावला. तोही चालला. संध्याकाळपर्यंत येणारी गिऱ्हाइकं माझ्या न बांधलेल्या घरातून एकेक चक्कर मारून गेली, पण कॉम्प्युटर हूं की चूं नाही.

"मशीन ठणठणीत आहे," दुकान आवरता आवरता तो म्हणाला. "इथे काही नाही. जे काय आहे, ते तुमच्या घरी आहे."

तो आपला सहज बोलला. पण त्यानंतर घरापर्यंत मी सारखी मागे बघत आले.

फिल्म दुसऱ्या दिवशी द्यायची होती. एकच उपाय होता. कॉम्प्युटर लावून झोपायचं आणि रात्रभर रेंडर चालू ठेवायचा. काका किती वेळा येतात, बघू. मी वायर जोडली आणि कपाटाजवळ उभी राहून स्वतःला धीर द्यायला मोठ्याने मोजदाद केली. कूलर नाही. एसएमपीएस नाही. मशीन नाही. मग उरलं कोण?

फटीत हात घातला, तो घाबरून थोडा पुढे गेला. बोर्डाच्या पलीकडे तळहात भिंतीला टेकला.

भिंत गरम होती. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

पहिला विचार आला तो सांगण्यासारखा नाही. पण दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला. कॉम्प्युटर दुपारपासून इथे नव्हताच. मग भिंत तापली कशाने? पलीकडे हीटर घरघरत होता. त्याच भिंतीतल्या प्लगवर, बाळाच्या पाळण्याच्या उशाशी.

"ताई! बाळाला उचल!"

"काय झालं? पाल आहे का?"

"उचल म्हणते ना! उचल आणि बाहेर जा!"

मी धावत जाऊन दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. सगळं घर काळोखात बुडालं. काळोखाची भीती न वाटण्याची ती माझी आयुष्यातली पहिली वेळ.

वायरमन जेवण अर्धवट टाकून आला होता, म्हणून घुश्शात होता. "भिंत गरम आहे म्हणून कुणी बोलावतं का?" असं बडबडतच त्याने आमच्या मदतीने कपाट सरकवलं. बोर्ड उघडल्यावर त्याची बडबड थांबली. आतून मासळीचा तो वास भपकन बाहेर आला.

"ही तुमची मासळी," तो म्हणाला. "प्लास्टिक भाजायला लागलं की असाच वास येतो." ताईच्या खोलीतला प्लग याच बोर्डावरून पुढे नेलेला होता. जोडाचा स्क्रू ढिला पडला होता, वायरींवरचं आवरण जळून पापडासारखं सुटत होतं आणि मागची लाकडी पट्टी कोळशासारखी काळी झाली होती. "हीटर एकटा होता तोवर नुसतं धुमसत राहिलं. त्यात रात्रभर तुमचा कॉम्प्युटर चालला असता ना…" त्याने टॉर्च भिंतीवरून फिरवला, पलीकडे काय आहे ते त्याने मघाशीच पाहिलं होतं.

ताईने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं, आणि ते रडतंय हे ऐकून आम्ही तिघी वेड्यासारख्या हसायला लागलो. मी हसता हसता रडलेही. इतकं हलकं मला परीक्षा संपल्यावरसुद्धा कधी वाटलं नव्हतं. भूत नव्हतं, ढिला स्क्रू होता! स्क्रू आवळता येतो.

"आणि ते बटण?" मी डोळे पुसत विचारलं. "तेही उष्णतेने आपोआप बंद होत होतं ना?"

"कुठलं? हे?" त्याने बटण स्क्रूड्रायव्हरने दाबलं. मग जोर लावून दाबलं. "हे कसलं बंद होतंय? आतून वितळून चिकटलंय. चालूच्या बाजूला जाम."

"आज… आज वितळलं असेल."

"छे हो. फटीत धूळ बसून दगड झालीय बघा. कित्येक महिने हललेलं नाही हे."

मी बोट पुढे केलं आणि दाबून पाहिलं. बटण नव्हे, भिंतीचाच एक तुकडा असावा, तसं होतं ते. माझ्या बोटाखाली इतक्या वेळा टक् झालेलं बटण.

"पण मला ते रोज बंद सापडत होतं," मी म्हणाले.

वायरमन हत्यारं पिशवीत भरत होता. त्याने ऐकलं नसावं. आईने मात्र ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नवी वायर, नवा बोर्ड, तोही उघड्या भिंतीवर. फर्मने एक दिवस वाढवून दिला. रेंडर एकदाही न थांबता पुरा झाला, फिल्म गेली, आणि पुढच्या आठवड्यात फोन आला. काम कायमचं.

त्या संध्याकाळी आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आई, ताई, मी, आणि आईच्या मांडीवर गाढ झोपलेलं बाळ. ताई मला चिडवत होती, "आता ऑफिसात कुणी हाक मारली की कप फोडू नकोस." काकांच्या खोलीत माझा कॉम्प्युटर अजून चालूच होता, दाराखालच्या फटीतून उजेड दिसत होता, पंख्यांची मंद घूं घूं येत होती. उठून बंद करायचा आळस आला होता.

घस्स…

ताईचं हसू अर्ध्यावर राहिलं. म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

घस्स… घस्स…

टक्. दाराखालचा उजेड गेला.

टक्. घूं घूं थांबली.

माझा हात ताईने धरला की मी तिचा, माहीत नाही. आईने बाळाच्या अंगावरची दुलई नीट केली आणि त्या दाराकडे न बघता, अगदी हळू विचारलं,

"काम झालं होतं ना तुझं?"

"हो…"

"मग राहू दे बंद."