शेवाळाच्या काठावरची हाक

बटाट्याच्या शेताला खत म्हणून घालायला समुद्राचं शेवाळ आणायचं, म्हणून जाबेझ ट्रेगेना दुपारी बैलगाडी घेऊन किनाऱ्यावर गेला. पुढची भरती यायच्या आत ते उचलावं लागे. त्याची बायको हेस्टर घरात पाव भाजत होती. चुलीपाशी त्याची म्हातारी आई लोकर कातत बसली होती. इंग्लंडातलं कॉर्नवॉल सोडून ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या या किनाऱ्यावर आलेलं तिघांचं घर. शेजारी म्हणावा तर टेकडीपलीकडे.

मग समुद्रावरून धुकं चढलं. आधी गाईचं कुंपण बुडालं, मग वाफे, मग अंगण. कुजक्या शेवाळाचा खारट वास दारातून आत शिरला.

"आई..." किनाऱ्याकडून जाबेझची हाक आली. "वाळूत रुतलोय गं... हात दे."

म्हातारी धडपडत उठली. हेस्टरनं दोर उचलला, तोच मागचं दार उघडून जाबेझ आत आला.

"दोर कशाला?"

"तुम्ही... तुम्हीच हाक मारलीत ना?"

"मी कशाला मारू? धुकं बघून गाडी तिथंच सोडली नि टेकडीवरून आलो. चहा टाक."

"आई..." बाहेरून पुन्हा आवाज आला. "पाणी कमरेला लागलं गं..."

जाबेझनं ऐकलं. सावकाश जाऊन त्यानं पुढच्या दाराला अडसर घातला.

"वारा आहे," तो म्हणाला.

बाहेर पान हलत नव्हतं.

म्हातारीनं अडसराला हात घातला. "हेस्टर, तो माझा जाबेझ आहे."

"मग हे कोण, आई?" हेस्टर पुटपुटली आणि तिनं सासूला घट्ट धरून ठेवलं. नवरा समोर बसला होता. जाड बोटं, हनुवटीवरचा व्रण, सगळं त्याचंच. बाहेरचा आवाज बुडबुडला... आणि थांबला.

धुकं निवळल्यावर तिघं किनाऱ्यावर गेली. बैल गाडीला जुंपलेलेच, मुकाट उभे. वाळू भरतीनं धुऊन सपाट केलेली.

त्या वर्षी बटाटे चांगले आले. पुढं मुलं झाली. जाबेझ पूर्वीसारखाच कष्टाळू राहिला. हेस्टरच्या मनातून तो दिवस पुसलाही गेला असता.

पण पोटच्या पोराला जन्मभर 'अरे' म्हणणारी म्हातारी त्या संध्याकाळी पाव वाढताना खाली मान घालून म्हणाली, "घ्या. तुम्हाला आणखी हवा का?"

मरेपर्यंत ती त्याच्याशी तशीच बोलली. आणि जाबेझनं तिला एकदाही कारण विचारलं नाही.