कान तेवढा माझा

ही गोष्ट खरी आहे. कुठे वाचलेली नाही, कुणी सांगितलेली नाही. मी तिथे होते.

आणि हो, त्या दिवशी अमावास्या वगैरे नव्हती. सांगलीत, आमच्या इंद्रजितकाकाच्या फोटो स्टुडिओत, भर दुपारी घडलंय हे. यंदाच, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी.

काकाने गेल्या वर्षी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला. मी दहावीत आहे, पण त्यातलं मला काकापेक्षा जास्त कळतं. (तो हे कबूल करत नाही!) फोटो स्कॅन करायचा, दुरुस्त करायचा, डिस्कवर घ्यायचा आणि साताऱ्याच्या एस.टी.ने लॅबला पाठवायचा. तिथे आकारामभाऊ थेट कॉम्प्युटरवरून प्रिंट काढतात.

गंमत अशी, की प्रत्येक मशीन रंग आपल्या मनाने वाचतं. आपल्याला पिवळा दिसलेला शालू तिकडे हिरवट निघतो. म्हणून फोटोच्या पोटात प्रोफाइल घालायची. 'माझे रंग असे वाचा' असं ती पुढच्या मशीनला सांगते. बाहेरून आलेला फोटो उघडला की आमचा कॉम्प्युटर आधी विचारतो, रंग बदलू की आहेत तसेच ठेवू?

काका कायम 'बदल' दाबतो.

अंजनाताईचाही फोटो त्याने असाच बदलला होता.

अंजनाताई माझी आत्तेबहीण. कडेगावची. काकाची सख्खी भाची. सावळी, माझ्यासारखीच. हसली की शेजारच्या घरातलं माणूस बाहेर येऊन बघायचं, इतकी मोठ्याने हसायची. कानाच्या वरच्या पाळीला बुगडीचं भोक. त्यात तिने बुगडी कधी घातली नाही, पण बोलताना सारखी ते चाचपायची.

लग्नासाठी फोटो काढला तेव्हा आत्या म्हणाली, "दादा, जरा उजळ कर बाबा. अंधारात बसल्यागत दिसतीया."

काकाने चेहरा, गळा, हात, सगळं गोरं केलं. उजवा कान मात्र विसरला!

अंजनाताईने तो फोटो बघितला आणि पोट धरून हसली. म्हणाली, "मामा, ही कोण बाई हाय मला ठावं न्हाई. पर कान तेवढा माझा हाय बरं का!"

तो फोटो मेढ्याच्या एका घरी पसंत पडला. मंडळी बघायला आली. ताई पोहे घेऊन बाहेर गेली. मुलाच्या आईने तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या फोटोकडे बघितलं, आणि म्हणाली,

"ही थोरली का? फोटोतल्या पोरीला बोलवा की."

पोहे तसेच राहिले.

त्यानंतर फोटो कुणीच बदलला नाही. ताईलाच बदलायला घेतलं. आत्याने बाजारातल्या एका बाईकडून बिनलेबलाची मलमाची डबी आणली. "फोटोसारखी झालीस की बास," म्हणायची. ताई रोज लावायची. चेहरा खरंच उजळला. आत्या खूश. मग तो सुजला. मग पाय सुजले. सांगलीला आणली तेव्हा किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, मलमात पारा असणार.

ताई गेली. भावकीतली एक बाई तिरडीपाशी म्हणाली, "गोरी दिसतीया न्हाई?"

ते वाक्य मी विसरणार नाही.

दहाव्याच्या आधी आत्या स्टुडिओत आली. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. माझ्याकडे तिचा मूळ, सावळा फोटो होता. मी तो पुढे केला. आत्याने हाताने बाजूला सारला.

"गोराच लाव, दादा. भित्तीवर तरी चांगली दिसू दे."

"आत्या, पण ही ताई आहे. ती नाही," मी म्हणाले.

"तू गप. तुझं लगीन निघल तवा कळंल."

काकाने साताऱ्याहून परत आलेली जुनी डिस्क घातली. गोरा फोटो उघडताना कॉम्प्युटरने विचारलं, रंग बदलू की तसेच ठेवू?

काकाने माऊसवर हात ठेवण्याआधीच...

स्क्रीनवरचा बाण हलला.

सावकाश. जाऊन थांबला 'तसेच ठेव'वर.

"प्रांजल, माऊस सोड," काका म्हणाला.

मी दाराजवळ उभी होते.

त्याने बाण ओढून 'बदल'वर आणला. हात काढला. बाण परत गेला. मग त्याने माऊसची वायरच उपटली आणि कीबोर्डवरून 'बदल' दाबलं.

त्याच क्षणी मागे आवाज झाला. घर्रर्र...

स्कॅनर. झाकण उघडं, आत काही नाही, आणि दिवा सरकत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग थांबला.

काचेवर एक दमट डाग होता... कुणी गाल टेकवावा तसा.

काकाने तो रुमालाने पुसला. आत्या म्हणाली, "लाईटीचं कायतरी आसंल."

डिस्क साताऱ्याला गेली. दुसऱ्या दिवशी आकारामभाऊंचा फोन. मीच उचलला.

"आवं, इंद्रजितरावास्नी सांगा, ह्या खेपंला पोरगी गोरी करायची राहिली जणू. मस्त सावळी आलीया. पर जिती वाटती बगा. हाक मारंल की काय आसं वाटतंय."

काकाने डिस्क मागवून स्वतः परत तपासली. फोटो गोराच. प्रोफाइल बरोबर. त्याच डिस्कवर एका लग्नाचे फोटो होते, ते सगळे जसेच्या तसे निघाले होते. परत पाठवली. परत तेच.

शेवटी तोच फोटो कडेगावला गेला. अंजनाताई, तिच्या स्वतःच्या रंगात.

आत्या बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. छातीशी धरेल.

"ही नगं," म्हणाली. "लोक काय म्हणत्याल."

दुसरा नव्हता म्हणून तोच लावला. पण हार एवढा जाड घातला, की चेहरा दिसू नये. तो हार रोज सकाळी खाली पडलेला असतो म्हणे. आत्या रोज उचलून परत घालते.

इथे संपायला हवं होतं ना?

दिवाळीनंतर बोर्डाचा फॉर्म भरायचा होता. पासपोर्ट फोटो हवा, उजवा कान दिसला पाहिजे, असं बाईंनी सांगितलं. काकाने फोटो काढला. आई शेजारी उभी राहून म्हणाली, "जरा उजळ करा हं, भावजी."

"आई, बोर्डाला पाठवायचाय! नवऱ्याला नाही!"

"असू दे गं. पुढं उपयोगी पडेल."

सगळं बघूनही काकाने 'बरं' म्हणून मान हलवली. मी शाळेत गेले असताना त्याने मला गोरी केली. या वेळी कान विसरला नाही, असं शपथेवर सांगतो.

प्रिंट आल्या. बाईंनी घाईने फॉर्मवर चिकटवल्या. एक माझ्याकडे उरली.

चेहरा गोरा. कोण बाई आहे, मला माहीत नाही.

उजवा कान सावळा.

मी आधी हसले. खरंच. मग फोटो खिडकीशी नेला...

कानाच्या वरच्या पाळीला बुगडीचं भोक आहे.

माझ्या कानाला नाही. आरशात दहादा बघितलं. आईला दाखवलं, तर म्हणाली डाग असेल.

फॉर्म बोर्डात गेलाय. हॉल तिकिटावर तोच फोटो येणार.

आणि हे लिहिताना माझा डावा हात सारखा उजव्या कानाकडे जातोय. वरच्या पाळीकडे. तिथे काही नाही.

पण हात लावला की दुखतं.