तिसऱ्या नंबरचा गुलाल

न्हावऱ्याच्या फाट्यावर शिरूरची एसटी थांबायची, पण ड्रायव्हरच्या मनात आलं तर. त्या सकाळी त्याच्या मनात आलं नाही. परीक्षेचं पॅड छातीशी धरून सहा मुली हात करत राहिल्या आणि बस त्यांच्या तोंडावर धुरळा उडवून पुढं निघून गेली.

तेवढ्यात टपरीवर चहा पीत बसलेला एक मुलगा उठला. त्यानं मोटरसायकलला किक मारली, बसच्या पुढं गेला आणि गाडी सरळ रस्त्यात आडवी घातली. ड्रायव्हरनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हा आपला गाडीवर हाताची घडी घालून बसलेला. मुली पळत सुटल्या. सगळ्यात मागं होती अनुपमा.

"चप्पल ऱ्हायली तुझी मागं," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या... बस जाईल."

"बस कुठं जात न्हाई. तू घिऊन ये."

अख्खी बस खिडक्यांतून बघत असताना अनुपमा पन्नास पावलं मागं गेली आणि चप्पल घालून पन्नास पावलं परत आली. तो तसाच बसलेला होता. तिच्याकडं बघून हसलाही नाही, नुसती मान हलवली. त्या शंभर पावलांत जे व्हायचं ते होऊन गेलं.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाचं नाव विश्वजीत. वडील मारुतराव म्हणजे गावातलं मोठं बागायतदार घर, चार वेळा सरपंच झालेला आणि पराभव कशाशी खातात हे ठाऊक नसलेला माणूस. अनुपमाच्या घरी दोन एकर रान, त्यात शेवंती आणि झेंडू. दोन्ही घरं एकाच रस्त्यावरची, पण एकमेकांत सोयरीक होणाऱ्यातली नव्हेत. हे दोघांनाही न सांगता कळत होतं, म्हणून त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही.

विश्वजीत शिकायला इंग्लंडला गेला, तिथंच नोकरीला लागला. नऊ वर्षं झाली. इकडं अनुपमाचे वडील गेले, थोरली बहीण ललिता नांदायला गेली आणि आईच्या, धुरपदाच्या, किडन्यांनी दगा दिला. दर सोमवारी आणि गुरुवारी आईला दौंडला डायलिसिसला न्यायचं, बाकीचे दिवस फुलं तोडायची. आलेली स्थळं तिनं आईचं कारण सांगून परतवून लावली. कारण खरंच होतं... पण एकटं नव्हतं. संध्याकाळी शेवंतीच्या सरीत फोन वाजला, की तिचा दिवस सुरू व्हायचा.

गेल्या दिवाळीत तो आला होता. परत जायच्या आदल्या दिवशी फाट्यावरच भेटला.

"निवडणुकीला उभा ऱ्हातोय," तो म्हणाला.

"झेडपीला?"

"तिकडं. शहराच्या कौन्सिलला. अपक्ष."

अनुपमाला हसू फुटलं. "तिथं तुमाला कोण मत देणार? आन् प्रचाराला बैलगाडी न्हेणार का?"

"पायी फिरणार. आमच्या वॉर्डातली बस बंद केलीय त्यांनी. म्हातारी माणसं दोन-दोन किलोमीटर चालत दवाखान्यात जात्यात, अनु. कुणी बोलतच न्हाई."

तिचं हसू थांबलं.

"हारलो तर जूनमधी कायमचा परत येतो," तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "आबांशी बोलतो. तुझ्या आईपुढं बसतो. पण जिंकलो... तर चार वर्षं त्यांची. तू नको म्हण, म्हंजी फॉर्मच भरत न्हाई."

आईला सोडून ती कुठं जाणार नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं कधी तसा हट्टही धरला नव्हता. समोर तोच रस्ता होता. ज्या माणसानं इथं गाडी आडवी घातली म्हणून आपण त्याच्यावर जीव टाकला, त्याला तिथं गाडी आडवी घालू नको, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"भरा फॉर्म," अनुपमा म्हणाली.

आणि त्या दिवसापासून तो हरावा म्हणून देवाला रोज एक झेंडू जास्त वाहू लागली.

मे महिन्यात तिकडं मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी निकाल. त्या शहराचं नाव गावात कुणाला नीट घेता येत नव्हतं, म्हणून सगळे नुसतंच 'विलायत' म्हणायचे. तिथं बोटाला शाई लावत नाहीत, पेन्सिलीनं फुली मारतात, एवढं गावाला कळलं होतं. त्यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली, की मग रात्रीत कुणी खोडत नाही कशावरून.

शुक्रवारी संध्याकाळी मारुतरावांच्या बंगल्यापुढं सगळं गाव लोटलं. गुलालाची गोणी ओट्यावर उभी होती, फटाक्यांची माळ फाटकापर्यंत अंथरली होती. हाराची फुलं अनुपमाच्याच रानातली. ती द्यायला म्हणून ती आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. विश्वजीतचा फोन बंद होता. मोजणीच्या हॉलमध्ये होता म्हणे.

सहाच्या सुमाराला त्याच्या तिकडच्या मित्रानं मारुतरावांच्या मोबाईलवर फोटो पाठवला. हातानं लिहिलेला कागद, नऊ नावं आणि नावांपुढं आकडे. पुतण्या सम्राटनं फोन हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागला. एकाला एकोणीसशे दोन. एका बाईला सोळाशे अठ्ठ्याऐंशी. विश्वजीतला पंधराशे सत्तेचाळीस. बाकीचे सहा खाली.

सम्राटनं आकडे पुन्हा एकदा बघितले. "तिसरा," तो हळूच म्हणाला.

कुणीतरी माळ गुंडाळायला घेतली. मारुतराव खुर्चीत मागं टेकले, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. त्यांना असं उघड्या डोक्यानं गावानं कधी बघितलं नव्हतं.

"गोणी दुकानात परत दिऊन या," ते म्हणाले.

आणि अनुपमा? खांबामागं तिनं डोळे मिटून घेतले. तिला जून दिसत होता. फाट्यावर उतरणारा तो, आईपुढं मांडी घालून बसलेला तो... पण हे सगळं दिसलं ते दोन-तीन श्वासांपुरतंच. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या गर्दीत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. मारुतरावांचं आणि लेकाचं फोनवरचं बोलणं 'बरा हाईस का', 'बरा हाय' यापुढं कधी गेलं नव्हतं. तिच्याशी मात्र तो तासन्‌तास बोलायचा.

तिनं गप्प राहायचं ठरवलं. अर्ध्या तासात त्याचाच फोन येईल, कळायचं ते कळेल. तोवर तो हरलेला असू दे, आपला असू दे.

"एवढ्या लांब जाऊन तिसरा," गर्दीतून एक जण म्हणाला. "त्यापरीस हितं उभा ऱ्हायला असता, तर दुसरा तरी आला असता." चार लोक हसले.

तो हरावा असं तिलाच सगळ्यात जास्त वाटत होतं. पण तो हरला म्हणून दुसऱ्या कुणी हसावं, हे तिच्यानं ऐकवेना.

"हारले न्हाईत ते," अनुपमा म्हणाली.

माना वळल्या.

"तिथं एका वॉर्डातनं तिघं निवडून येत्यात. आपल्यासारखं जागंजागंचं वेगळं नसतंय. मत देणाऱ्यानं तीन नावांपुढं फुल्या मारायच्या, आन् पहिलं तिघं मेंबर. तिसऱ्या नंबरानं निवडून आलेत ते."

"तुला गं काय म्हाईत?" सम्राटनं विचारलं.

आता मागं सरता येत नव्हतं. पायातली चप्पल मागं राहावी आणि अख्ख्या बसनं बघावं, तसं सगळं गाव बघत होतं.

"त्यांनीच सांगितलंय," ती म्हणाली. "रोज बोलतो आमी. नऊ वर्षं... रोज."

मारुतराव तिच्याकडं बघत राहिले. तेवढ्यात सम्राटच्या हातातला त्यांचा फोन वाजला. विश्वजीतचा होता. त्यांनी तो घेऊन कानाला लावला, ऐकलं आणि इतकंच म्हणाले, "व्हय. कळलं आमाला. अनुपमानं सांगितलं." मग मारुतरावांनी टोपी डोक्यावर घातली, उठले आणि फोन तिच्यापुढं धरला. "घे. तुझ्याशीच बोलायचं म्हणतोय."

मागं माळ पेटली. त्या आवाजात अनुपमा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"अनु... तू अजून नको म्हणू शकतीस," तो म्हणत होता. "राजीनामा दिऊन येतो."

तो हरला असता तर ती सुखी झाली असती, पण हे विचारणारा माणूस तिला आणखीच आवडला.

"आधी त्यांची बस सुरू करा," ती म्हणाली. "चार वर्षं म्हणलात ना? पाचवं मी देणार न्हाई."

ती वळली, तर विश्वजीतची आई मुक्ताबाई समोर उभी होती, गुलालाची मूठ भरून. तिनं अनुपमाच्या कपाळाला गुलाल लावला.

सोमवारी सकाळी अनुपमा आईला घेऊन फाट्यावर उभी होती. विश्वजीत येणार नव्हता. चार वर्षं म्हणजे दौंडच्या चारशेच्या वर फेऱ्या, हा हिशेब तिनं रात्रीच मनात करून ठेवला होता. एवढ्यात पिशवी घेऊन मुक्ताबाई आली आणि धुरपदाच्या शेजारी दगडावर टेकली.

"तुमी कुठं, मामी?" अनुपमानं विचारलं.

"दौंडला. तू एकटीनं किती दिवस करशील?"

"दर सोमवारी-गुरुवारी जावं लागतंय..."

"म्हाईत हाय मला. तो येईस्तवर मी हाय."

दौंडची एसटी वळणावर दिसली. अनुपमानं हात केला. बसचा वेग काही कमी होईना. तशी मुक्ताबाईनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

बस थांबली.